रुपयांत परवडेल असा देश: तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, निवृत्तीनंतर स्वस्तात राहता येईल असा देश कोणता?" बँकेच्या परकीय चलन विभागातून मी निवृत्त झाले, पण हा प्रश्न काही थांबला नाही. नाशिकच्या कॉलेज रोडला भाजी घेताना विचारतात, लग्नात पंगतीला बसल्यावर विचारतात. विचारणारे बहुतेक साठीच्या आसपासचे. कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यात आयुष्य काढलेलं, कोणी ओझरला एचएएलमध्ये. मुलं बाहेरगावी नाहीतर परदेशात. ही माणसं मनापासून विचारतात, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

स्वस्त देशांच्या ज्या याद्या फिरतात, त्या डॉलरमध्ये कमावणाऱ्यांसाठी केलेल्या असतात. तुमचं पेन्शन रुपयांत येतं. 2010 साली डॉलर 45-46 रुपयांना होता, 2025 च्या डिसेंबरात त्याने नव्वदी ओलांडली. म्हणजे डॉलरमधलं भाडं एका पैशाने वाढलं नसतं, तरी तुमच्या खिशातून दुप्पट पैसे गेले असते. ही घसरण कुठल्याच यादीत नसते.

आणि भाड्याची चौकशी सगळे आधी करतात, तिथे राहू देतात का याची शेवटी. खरं तर उलट हवं. थायलंडमध्ये पन्नाशीनंतर निवृत्तांना राहता येतं, पण त्यासाठी 8 लाख बाट बँकेत ठेवावे लागतात किंवा महिन्याला 65,000 बाटचं उत्पन्न दाखवावं लागतं. आजच्या भावाने ते दीड लाख रुपयांच्या वर जातं. नाशिकमध्ये किती जणांना एवढं पेन्शन आहे? मलेशियाच्या 'माय सेकंड होम' योजनेत सिल्व्हर गटात दीड लाख डॉलरची ठेव लागते, शिवाय तिथे घर विकत घ्यायची अट. व्हिएतनाम खरोखर स्वस्त, पण निवृत्तांसाठी वेगळा व्हिसाच नाही. ई-व्हिसा मिळतो तो 90 दिवसांचा. ज्या घरात आपण किती दिवस राहणार हे दुसरा ठरवतो, ते घर कितीही स्वस्त असो, म्हातारपणी त्याच्या भरवशावर राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

निफाडकडचं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. द्राक्षबागेचे मालक. त्यांनी वहीत खर्च मांडून आणला होता: घरभाडं, दूध, भाजी, वीज, वर्षातून एकदा गावी यायचं विमानभाडं. अक्षर सुरेख, बेरीज चोख. मी पान उलटून पाहिलं, तर औषधांचा रकाना नव्हता. काकांना रक्तदाबाची गोळी रोज लागते. त्यांना वाटत होतं मेडिक्लेम आहेच की. पण आपले बहुतेक मेडिक्लेम भारतातल्या उपचारांपुरतेच असतात, आणि त्या वयात परदेशात नवा विमा घ्यायचा तर हप्ता डोळे पांढरे करतो.

मग जमिनीचा विषय निघाला. काका म्हणाले, बाग विकून टाकू, नाही करमलं तर परत येऊन घेऊ. मी त्यांना थांबवलं. अनिवासी झाल्यावर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीपासून नावावर असलेली ठेवता येते, वारसाने आलेली घेता येते, पण नवी खरेदी नाही. आणि कायमचे परत आलात, तरी महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. सगळी विकून बसलात तर दाखवायला सातबारा कुठून आणणार? काकू तोवर गप्प होत्या. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "एक एकर राहू द्यायचीच." मला फार बरं वाटलं.

बँकेचं थोडक्यात सांगते. नेपाळ-भूतान सोडून दुसरीकडे कायमचे गेलात की साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं उघडता येत नाही. पीपीएफ असेल तर मुदतीपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही. जाण्याआधी पैसे बाहेर पाठवायचे असतील तर वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. परदेशी राहण्याच्या खर्चासाठी 10 लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. विवरणपत्र भरल्यावर तो कराच्या हिशेबात धरतात, पण तोवर पैसा अडकून पडतो, हे लक्षात ठेवूनच बेत आखा.

आता उत्तर. मला विचाराल तर नेपाळ, आणि नेपाळात पोखरा हे शहर.

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये देशभरचे पासपोर्ट छापले जातात, पण भारतीयाला नेपाळात जायला व्हिसा तर नाहीच, पासपोर्टही लागत नाही. मतदार ओळखपत्र चालतं. 1950 च्या करारामुळे आपल्याला तिथे राहण्याची मुभा आहे. दुसरं म्हणजे आपला एक रुपया म्हणजे तिथले 1 रुपया 60 पैसे, हा दर 1993 पासून बदललेला नाही. डॉलर कुठेही जावो, रुपयांतल्या पेन्शनला तिथे कात्री लागत नाही. ज्याचं उत्पन्न रुपयांत आहे त्याच्यासाठी याहून मोठी सोय मला दुसऱ्या कुठल्या देशात दिसलेली नाही. पाट्या देवनागरीत, दुकानात 2024 पासून यूपीआय चालू झालेलं, जेवण वरण-भाताचं. फेवा तलावाच्या काठी सकाळी फिरायला जा, समोर माछापुच्छ्रेचं हिमशिखर उभं असतं.

उणिवाही सांगायलाच हव्यात. तिथे आपल्याला जमीन विकत घेता येत नाही, भाड्यानेच राहावं लागतं. पोखऱ्याला 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला, तरी मुंबईहून जायचं तर काठमांडूच गाठावं लागतं. मोठं आजारपण आलं तर इकडेच यावं लागेल. सप्टेंबर 2025 मध्ये काठमांडूत आंदोलन पेटलं आणि सरकार पडलं, तेही विसरून चालणार नाही.

तरीही जायचं ठरवलंत, तर पाहायला डिसेंबरात जाऊ नका. तेव्हा सगळंच छान दिसतं. थायलंडचं चिआंग माई पाहायचं असेल तर मार्चमध्ये जा. आजूबाजूला शेतं आणि जंगलं जळत असतात, धुराने डोंगर दिसत नाहीत. पोखऱ्याला आषाढ-श्रावणात जा, कारण नेपाळमधल्या सगळ्यात जास्त पावसाच्या शहरांत त्याची गणना होते आणि आपल्याला नाशिकच्या पावसाची सवय. सांधे दुखतात का, कपडे वाळतात का, संध्याकाळी बोलायला कोणी मिळतं का, हे त्या दोन महिन्यांत कळेल. घर भाड्याने घ्या, करार छोटा ठेवा, आणि पहिलं वर्षभर नाशिकचं घर विकूही नका, भाड्यानेही देऊ नका.