तीस नावं

त्या रविवारी माझ्यासमोर १४२ नावं होती आणि त्यातली ३० ठेवायची होती.

दिवसा मी एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्नं भरते. जून संपत आला की संध्याकाळी नदीपात्रातल्या आमच्या ढोल-ताशा पथकाच्या शेडमध्ये हजेरीची वही घेऊन बसते. पूर्वी ढोल वाजवायचे. कंबर धरायला लागली तेव्हा आमचे प्रमुख दादा म्हणाले, "घरी बसू नकोस, वही सांभाळ." त्याला आता अकरा वर्षं झाली. पैसे नाहीत, पण काम ऑफिसपेक्षा जास्त. नव्या वादकांची नोंदणी करायची, आलेल्यांना टिकवायचं आणि टिकत नाहीत त्यांच्या नावावर रेघ मारायची.

माणसं येण्याची पथकांना पुण्यात कधीच ददात नसते. पांढरा कुर्ता, भगवा फेटा, लक्ष्मी रस्त्यावरचा चाळीस सेकंदांचा एखादा व्हिडिओ, एवढ्यावर दर वर्षी साठ-सत्तर पोरं-पोरी नाव घालतात. पहिले चार दिवस त्यांना ढोल मिळतच नाही. मांडीवर थापा मारत 'हात' पाठ करायचे. एकेका ठेक्याला आम्ही हात म्हणतो. पाचव्या दिवशी ढोल कमरेला बांधला की कळतं, व्हिडिओत वजन दिसत नाही. दहाव्या दिवशी बोटांना फोड. पंधराव्या दिवशी पाऊस. महिना सरेपर्यंत सत्तरातले निम्मे गळतात. मला वर्षानुवर्षं वाटायचं की पोरं फोडांमुळे जातात.

रमणबाग, ज्ञान प्रबोधिनी अशा शाळांच्या पथकांचं वेगळं असतं. तिथली मुलं आधीपासून एकमेकांची असतात, ढोल नंतर येतो. आमच्याकडे हडपसरची मुलगी, वारज्याचा मुलगा, हिंजवडीत नोकरी करणारा लातूरचा कुणी, असे सगळे पहिल्या दिवशी भिंतीला टेकून मोबाइलमध्ये बघत उभे. जुने जाणते आपापसात हसत-खिदळत ढोल ताणत असतात. नव्यांना कुणी टाळत नाही, पण बोलावतही नाही.

शिस्तीसाठी आमचा एक नियम आहे: ऐंशी टक्के हजेरी नसेल तर विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजवता येत नाही. नियम माझाच. मला त्याचा अभिमानही होता.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठाचा आदेश आला. आवाजाचा प्रश्न होता, आणि इतर निर्देशांबरोबर त्यात पथकातल्या वादकांची संख्या तीसच्या वर नको, असंही होतं. आदेश बरोबर की चूक यात मला पडायचं नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांपासून आहे आणि आमचा एक ढोलही ती मानत नाही. नदीकाठच्या सोसायट्यांतले लोक दोन महिने आमचा सराव ऐकतात. मीही त्यांच्या जागी असते तर खिडकीत उभी राहून ओरडले असते.

चतुर्थी ७ सप्टेंबरला, म्हणजे आठवड्यावर. रविवारी सराव संपल्यावर आम्ही पाच जण शेडच्या मागच्या बाजूला बसलो. दादा म्हणाले, "यादी करा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण वही माझ्याकडे. मी वही आधीच एक्सेलमध्ये उतरवली होती. हजेरीच्या टक्क्यानं लावली, ढोल वीस, ताशे सहा, ध्वज तीन, टोल (ठोकून वाजवायची धातूची थाळी) एक असे गट पाडले आणि वरून मोजत आले. दहा मिनिटांत यादी तयार. इतकी पटकन झाली की मलाच बरं वाटलं.

आमच्या ताशाप्रमुख काकांनी चष्मा कपाळावर चढवून ती वाचली आणि विचारलं, "पुराच्या पहाटे आलेले यात किती आहेत गं?"

पूर म्हणजे २५ जुलैचा. त्या दिवशी खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं होतं, भिडे पूल बुडाला होता, सिंहगड रस्त्याला एकता नगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं होतं. आमची शेड पात्रातच. पहाटे चारला दादांचा ग्रुपवर मेसेज पडला, 'ढोल वर काढा.' अकरा जण आले. गुडघाभर पाण्यात, मोबाइलच्या उजेडात, त्यांनी सगळे ढोल रस्त्यावर आणून एका टेम्पोत कोंबले. त्याची नोंद माझ्या वहीत नाही. सराव नव्हता, मग हजेरी कुठली?

मी मोजले. अकरापैकी चार.

काका काही बोलले नाहीत, चष्मा खाली घेतला. मी म्हटलं, "काका, नियम एकदा मोडला की मग कुणाला काय सांगणार?" हे वाक्य मला अजून ऐकू येतं. दादा दमले होते. म्हणाले, "असू दे, हीच लावा."

यादी लावली असती तरी चाललं असतं. मी ती वाचून दाखवली. एकशे दहाएक जण समोर, कमरेला ढोल तसेच, आणि मी वर्गशिक्षिकेसारखी एकेक नाव घेत होते. पहिल्या पाच-सहा नावांना टाळ्या पडल्या. पंधराव्याला कुणीच वाजवली नाही. तीस झाली, मी वही मिटली. मागच्या रांगेत कुणीतरी कमरेची गाठ सोडून ढोल जमिनीवर ठेवला. मग दुसऱ्यानं. कुणी आपटला नाही, अगदी हळूच ठेवले. एरवी ढोल ठेवतानाही केवढा गलबला असतो.

त्याच वर्षी आलेल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, मग बाकीच्यांनी सरावाला यायचं का?"

"या की!"

"कशाला?"

तिनं ते उद्धटपणे विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "ते ग्रुपवर टाकते." अजून टाकलेलं नाही.

सोमवारी सरावाला ४१ जण आले.

चतुर्थीला आम्ही तिसांनीच वाजवलं. वाजवलं चांगलंच, खोटं कशाला बोलू. तीस जण असले की ताशाचा इशारा शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. यादीबाहेरचे नऊ जण तरीही आले होते. पाण्याचे जार ओढले, जादा टिपरू (ढोल वाजवायच्या काठ्या) वागवली, ढोलाचं पान (थाप पडते तो पडदा) फुटलं तेव्हा ढोल बदलून दिला. नवातले सहा पुराच्या पहाटेचे.

आणि एक जण चिकटपट्टी. हे त्याचं पथकातलं नाव. हिंजवडीत शिफ्टमध्ये काम करतो, दुसरं वर्ष, हजेरी ५४ टक्के. ढोल यथातथाच, चौथ्या हातावर हमखास घसरतो. शेडच्या तोंडाशी उलट्या बादलीवर बसून तो लोकांच्या बोटांना पट्टी लावून देतो. पट्टी घट्ट झाली तर बोट सुन्न पडतं आणि सैल झाली तर तिसऱ्या मिनिटाला टिपरूबरोबर उडून जाते. हे तंत्र त्याला चांगलं साधलंय. हे काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं. मला ते काम आहे हेच कधी वाटलं नव्हतं.

१२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं तीसच्या मर्यादेला स्थगिती दिली. शेडमध्ये पेढे वाटले. मी लगेच ग्रुपवर टाकलं: 'आनंदाची बातमी. १७ तारखेला सर्वांनी यायचं आहे.' नावाबरोबर काढलेली माणसं मेसेजबरोबर परत येतील अशी माझी समजूत. खाली अंगठे पुष्कळ आले.

अनंत चतुर्दशीला टिळक रस्त्यावर आम्ही ७१ होतो. पुण्याची मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते. आमचा नंबर लागेपर्यंत बसून बसून पाय आखडतात. मी दुकानाच्या पायरीवर बसून पुन:पुन्हा डोकी मोजत होते. जणू एकदा तरी आकडा वेगळा येईल.

पितृपक्षात, शेड बंद झाल्यावर, मी फोन करायला घेतले. न आलेल्या ७१ जणांपैकी ५२ जणांनी उचलला. (हो, आलेले ७१ आणि न आलेलेही ७१. मी पुन्हा तपासलं होतं.) प्रत्येकाची कहाणी सांगत नाही. एकीच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, यादीत नाव नाही म्हटल्यावर तिला हायसंच वाटलं होतं. 'कशाला' विचारणारी मुलगी दुसऱ्या पथकात गेली होती, तिथं तिच्या हातात टोल दिला होता. आवाजावरून खूश दिसली. एक जण यादीतला असूनही आला नव्हता. "ताई, चतुर्थीला मी वाजवत होतो आणि मला ढोल शिकवणारा माणूस बाजूला पाण्याच्या बाटल्या वाटत होता. नको वाटलं." एकानं मात्र सुनावलं, "काढताना तोंडानं नाव घेतलंत, बोलावताना मेसेज."

चिकटपट्टीला फोन लावला तेव्हा तो शिफ्टवर होता, ब्रेकमध्ये त्यानंच उलटा केला. "ताई, सतराची सुट्टी मी जुलैतच टाकली होती. यादी लागली तेव्हा रद्द केली. मग परत कुठल्या तोंडानं मागणार?" आणि लगेच, "सतराला कुणाची बोटं फुटली नाहीत ना?"

फुटली होती. चौघांची.

फोन ठेवून मी वही काढली. नव्या ६९ जणांच्या आम्ही दोन तुकड्या केल्या होत्या, एक सोम-बुध-शुक्र, एक मंगळ-गुरु-शनि. सोमवारच्या ३५ पैकी ऑगस्टअखेर १२ उरले होते. मंगळवारच्या ३४ पैकी २३. शिकवणारे तेच, ढोल तेच, पाऊस तोच. चिकटपट्टीच्या ५४ टक्के हजेऱ्या जवळजवळ सगळ्या मंगळ, गुरु आणि शनिवारच्या होत्या. दोन तुकड्यांत आणखीही काही फरक असेल. मी जीएसटीची बाई, संख्याशास्त्राची नाही. पण मग मंगळवारच्या तुकडीतल्या पाच जणांना मी पुन्हा फोन करून विचारलं, की पथकात तुमचं नाव सगळ्यात आधी कुणाला माहीत झालं? चौघांनी एकच सांगितलं. पट्टी लावायला दोन-तीन मिनिटं लागतात, हात त्याच्या हातात असतो, मोबाइल बघता येत नाही. तो गाव विचारतो, कुठल्या बसनं येता विचारतो, उद्या याल तेव्हा ही पट्टी काढून नवी लावू म्हणतो. म्हणजे उद्या कुणीतरी तुमच्या बोटाची वाट बघणार असतं.

२०२५ ला चतुर्थी लवकर होती, २७ ऑगस्टला, म्हणून नोंदणीही लवकर घेतली. ऐंशी टक्क्यांचा नियम काढा, असं मी कमिटीत मांडलं. माझाच नियम, त्यामुळे सगळे हसले. चार विरुद्ध एक. काकासुद्धा विरुद्ध गेले: "गं, शिस्त नको का?" मी वाद घातला आणि हरले. एवढं मात्र पदरात पाडून घेतलं की प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात एक काम द्यायचं: दोऱ्या मोजणं, टिपरू निवडणं, टेम्पोवाल्याला फोन करणं. काही पोरांना ते वेठबिगार वाटतं, तशी तक्रारही आली आहे. एक जण दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "मी ढोल वाजवायला आलोय, टिपरू निवडायला नाही," आणि गेला. त्यालाही चूक म्हणवत नाही.

सोमवारच्या तुकडीला बादलीवर कोण बसणार हा प्रश्न होता. शेवटी मीच बसले. पहिल्या संध्याकाळी सहा जणांची बोटं सुन्न केली.

हिशेब लिहिताना मी खर्चात एक नवी ओळ घातली: चिकटपट्टी, २४ नग. खजिनदारानं पेन तिथं टेकवलं. "हे काय नवीन? मागच्या वर्षी हा खर्च कुठं दिसत नाही."

मी मागच्या वर्षीची पानं उलटून पाहिली. दिसत नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीही नव्हता. दोन्ही वर्षं पट्ट्या आल्या होत्या, रोज, शेकड्यांनी, आणि पैसे कुणी दिले ते आमच्यापैकी कुणी विचारलंही नव्हतं.