पंधरा टक्क्यांची अट

3 फेब्रुवारी 2020 रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची कॉकस, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला पसंती देण्यासाठीची स्थानिक सभा होती आणि त्या उमेदवारीच्या स्पर्धेतील अँड्र्यू यांग यांच्या प्रचारातील पगारी कार्यकर्ता म्हणून माझी नेमणूक डे मॉइनजवळच्या एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली होती. यांग यांना पक्षाची उमेदवारी मिळेल, असे आमच्यापैकी फार थोड्यांना वाटत होते. आम्हाला बांधून ठेवले होते ते त्यांच्या एका मागणीने: प्रत्येक प्रौढ नागरिकाला दरमहा 1,000 डॉलर, कोणतीही अट न घालता. यंत्रांमुळे माणसांची कामे जात असताना त्यांच्या चरितार्थाचे काय, हा प्रश्न पक्षाच्या इच्छुक उमेदवारांच्या राष्ट्रीय वादचर्चेत एरवी कोणी इतक्या आग्रहाने मांडला नसता. पक्षाने 2019 मध्ये या चर्चांच्या प्रवेशासाठी देणगीदारांची संख्याही विचारात घेतल्यामुळे, एकेक डॉलर देणाऱ्या हजारो लोकांच्या बळावर हा प्रश्न तेथवर पोहोचला.

तेव्हा आयोवाच्या कॉकसमध्ये मत गुप्त नसे. लोक आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहत, डोकी मोजली जात आणि ज्या गटात उपस्थितांपैकी 15 टक्के लोक नसत, त्यातील माणसांना दुसऱ्या फेरीत अन्यत्र जाण्याची मुभा मिळे. आपल्याकडे अनामत वाचवण्यासाठी वैध मतांचा एक षष्ठांशाहून अधिक वाटा लागतो. येथे जवळपास तितकीच कठोर अट शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत, तासाभरात लागू होई.

मी न्यू जर्सीचा रहिवासी असल्याने मला मत नव्हते आणि मी निरीक्षकांच्या बाकावर बसलो होतो. आमच्या गटाचे नेतृत्व करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाईंनी अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा करण्यासाठी नोकरी सोडली होती. भाषणासाठी मिळालेल्या मिनिटभरात त्यांनी यांग यांचे नाव एकदाच घेतले. “मी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते आणि देशाच्या हिशेबात माझ्या कामाची किंमत शून्य आहे,” एवढे सांगून त्या खाली बसल्या. समोरच्या गटातील दोघीतिघींनी माना डोलावल्या, हे मी पाहिले.

मोजणीत उपस्थिती 206 भरली, म्हणजे 31 माणसे हवी होती. आमच्या कोपऱ्यात 17 होती.

मग बाकीच्या गटांची माणसे मनधरणी करायला आली. बाईंनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: “तुमच्या उमेदवाराचे राहू द्या, आज शेवटी ठराव येतील तेव्हा तुम्ही स्वतः माझ्या ठरावाला हात वर कराल का?” ज्या गटाने सरळ होकार दिला, तिकडे आमची बहुतेक माणसे गेली. हा सौदा मला त्या रात्रीचे सर्वांत खरे राजकारण वाटते, कारण त्यात मागितले गेले ते फक्त एका विचारासाठी.

पक्षाच्या जाहीरनाम्यासाठी ठराव मांडण्याची वेळ आली तोवर निम्म्याहून अधिक लोक घरी गेले होते. बाईंनी कोटाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, दरमहा मूलभूत उत्पन्नाचा तीन वाक्यांचा मजकूर वाचला, आणि शब्द दिलेल्यांनी खरोखरच हात वर केले. तो कागद पुढे पक्षाच्या काउंटी (जिल्हा) पातळीवरील जाहीरनामा समितीकडे जाणार होता.

निकाल कळवण्याचे ॲप कोलमडल्याने त्या रात्री राज्याचे आकडे आलेच नाहीत. नंतर ते आले तेव्हा यांग यांना पहिल्या फेरीत सुमारे पाच टक्के आणि शेवटच्या फेरीत जेमतेम एक टक्का मते दिसली. दोन्ही फेऱ्यांची मते प्रसिद्ध करण्याची पद्धत पक्षाने त्याच वर्षी सुरू केली होती. आधीच्या नियमांत ते पाच टक्के कोणाला कळलेही नसते, आणि विचारासाठी लढणाऱ्या उमेदवाराचे खरे बळ त्या पहिल्याच आकड्यात असते, असे माझे ठाम मत आहे.

11 फेब्रुवारीच्या रात्री, आयोवानंतर मतदान झालेल्या न्यू हॅम्पशर राज्याची मतमोजणी चालू असतानाच, यांग यांनी माघार घेतली. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. जाहीरनामा समितीची बैठक केव्हा असते आणि तेथे बोलण्यासाठी नाव कोणाकडे द्यावे लागते, हे त्यांना विचारायचे होते.