म्हशी कधी हलवायच्या?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. कोल्हापूर जिल्ह्यात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण शिरोळ तालुक्यात, पंचगंगा कृष्णेला मिळते तिथल्या माणसाला ४३ फूट म्हणजे आपल्या उंबऱ्यापासून पाणी किती लांब, हे कोणी सांगत नाही. ते काढून गावासाठी पातळ्यांचा तक्ता करायला मी भूगोल विभागाची मुलं घेऊन अशाच एका गावात गेलो होतो.

काम ऐकायला सोपं आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुराच्या खुणा शोधायच्या, ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावायची, स्टाफ म्हणजे आकडे आखलेली पट्टी धरायची, प्रत्येक खुणेची उंची एका पक्क्या बेंचमार्कशी, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या बिंदूशी, जोडायची. अडतं ते खुणेपाशी. पाणी ओसरताना जिथं जिथं थांबतं तिथं गाळाची रेघ उठते, त्यामुळे एकाच भिंतीवर अनेक रेघा सापडतात. सगळ्यात ठळक रेघ सगळ्यात वरची असेलच असं नाही. तिथं पाणी जास्त वेळ थांबलं एवढंच ती सांगते. खरी वरची रेघ शोधायची तर कोनाडा, मीटरची पेटी, कपाटामागची भिंत बघावी लागते, कारण तिथं नंतर रंगाचा हात फिरलेला नसतो. संध्याकाळी पुन्हा पहिल्या बिंदूवर येऊन मोजणीचा फेरा (लूप) बंद करायचा, सुरुवातीच्या आणि शेवटच्या उंचीत फरक जास्त आला तर परत मोजायचं. माझी मुलं हे कुरकुर न करता करतात. आपत्ती व्यवस्थापनावर चर्चासत्रं भरवणाऱ्या कित्येकांपेक्षा त्यांना पूर जास्त कळतो.

नदीकाठच्या शेवटच्या घरात मावशींनी रंगाचा डबा बघितला आणि दारातच अडवलं. "खूण करू नगासा. आज रेघ मारशीला, उद्या म्हणतील हितं ऱ्हायचं न्हाई." भीती निराधार नव्हती. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची, आणि त्या आखल्या की बांधकामावर निर्बंध येतात. आम्ही डबा बाजूला ठेवला, नुसता उंबरा मोजू का विचारलं. त्यांनी मान डोलावली.

मग आमच्यातल्या एका मुलीनं, जिच्या घरीही जनावरं आहेत, विचारलं, "मावशी, २०१९ ला तुम्ही बाहेर कधी पडलासा?"

"कोल्हापुरात पाणी उतराय लागलंय म्हटल्यावर थांबलो. हितं चढतच हुतं. म्हशी दोन, त्यातली एक गाभण. आणि रस्ता आदी बुडतोय बाई, घर मागनं."

त्या एका उत्तरात आमच्या तक्त्यातल्या दोन्ही उणिवा निघाल्या. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढं वाट मिळत नाही, फुगवटा मागं सरकतो. म्हणजे इथं राजाराम बंधाऱ्याबरोबर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळीही बघायला हवी. दुसरं, उंबऱ्याचा आकडा कामाचाच नाही. आम्ही लेव्हल उचलून रस्त्यावर नेली. ओढ्यावरची मोरी त्यांच्या उंबऱ्यापेक्षा माणूसभर खाली निघाली. मोरीवर पाणी आलं की ट्रॅक्टर बंद. मग माणसं बोटीनं निघतील, म्हशी निघणार नाहीत, आणि म्हशी सोडून माणसंही निघत नाहीत. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, ते या भागात कोणी विसरलेलं नाही. पूर ओसरल्यावर पंचनाम्याचे कागद घरोघर फिरतात, पण गाभण म्हैस हलवायला किती वेळ लागतो हे पुराआधी कुणी विचारत नाही.

तक्ता कुठं लावायचा, तेही मावशींनीच सांगितलं: दूध संस्थेत. गाव सकाळ-संध्याकाळ तिथं येतंच. आता त्यात मोरीचा आकडा पहिला आहे, आणि जनावरं माणसांच्या एक दिवस आधी हलवायची असं लिहिलंय.

विद्यापीठांकडे उपकरणं आहेत, मुलं आहेत, क्षेत्र प्रकल्पाला आता क्रेडिटही आहेत. पण सत्र उन्हाळ्यात संपतं आणि पूर जुलै-ऑगस्टमध्ये येतो. अहवाल जमा झाला, बॅनरसकट फोटो लागला की फाईल बंद. मुलं पास होऊन जातात, पुढची तुकडी नव्यानं सुरुवात करते. मला हे पटत नाही. आमचा तक्ता दोन महापुरांच्या खुणांवर आणि लोकांच्या आठवणींवर उभा आहे. मधल्या पातळ्यांना मोरीवर नेमकं काय होतं ते चालू पावसात रोज वाचन घेतल्याशिवाय कळणार नाही. दूध संस्थेचे सेक्रेटरी वाचन घ्यायला तयार आहेत. मोरीवर मोजपट्टी बसवण्यासाठी आणि पावसाळाभर दोन विद्यार्थी ठेवण्यासाठी मी अर्ज केला आहे, मंजुरी अजून आलेली नाही.