तेल होते, तरी पिस्टन गेला

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत, पाऊस ओसरला की काजूच्या बागांत कमरेइतके रान माजलेले असते आणि मोहोर येण्यापूर्वी ते साफ करून घ्यावे लागते. त्यामुळे दिवाळीनंतर माझ्या वर्कशॉपमध्ये ग्रास कटरांची रांग लागते. बहुतेकांचे दुखणे ठरलेले असते: पावसाळाभर टाकीत राहून चिकट झालेले पेट्रोल, काळा पडलेला प्लग, धुळीने बुजलेला फिल्टर. गेल्या हंगामात जांबोटीकडच्या एका मावशींनी आणलेले यंत्र मात्र त्यांतले नव्हते.

मावशींची स्वतःची बाग आहे, मुलगा गोव्यात नोकरीला असतो आणि यंत्राची सगळी देखभाल त्या स्वतः करतात. यंत्र वॉरंटीत होते. ते जाम झाल्यावर त्यांनी आधी ते विक्रेत्याकडे नेले, तर तिथून 'वंगणाअभावी बिघाड, वॉरंटी लागू नाही' असा शेरा मारलेला कागद हाती आला. तोंडी सांगितले गेले ते असे, की बाईमाणसाने मिक्स केलेले पेट्रोल, त्यात तेल घालायचे राहूनच गेले असणार. मावशींनी पिशवीतून जनावरांना टोचायची मोठी सिरिंज काढून माझ्या टेबलावर ठेवली. "लिटरला चाळीस मिली, हिनंच मोजून घालते की मी. तू उघडून बघ, मग सांग."

मोटारीच्या इंजिनात तेलासाठी वेगळी टाकी असते, डिपस्टिक ओढून पातळी पाहता येते. ग्रास कटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात यातले काहीच नसते. पेट्रोलबरोबर जेवढे तेल आत जाईल तेवढ्यावरच बेअरिंग, पिस्टन आणि रिंग यांचा निभाव लागतो. मावशींच्या यंत्राच्या झाकणावर २५:१ असे कोरलेले होते, म्हणजे लिटरला ४० मिली. त्यांचे माप बरोबरच होते. तरीही तेल हातानेच मिसळायचे असल्याने ते विसरल्याचा संशय येणे मला गैर वाटत नाही. मला राग येतो तो संशय तपासून न पाहण्याचा.

तपासणी अवघड नसते. सायलेन्सर काढला की एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टनची एक बाजू दिसते. तिथे उभे ओरखडे होते, ॲल्युमिनियम घासून रिंगवर चढले होते. विक्रेत्याच्या माणसाने एवढेच पाहिले असावे, कारण पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या नटांना पाना लागल्याची खूण नव्हती. मी कार्ब्युरेटर उतरवून पलीकडच्या बाजूने पाहिले, तर तिथे पिस्टनवर कारखान्यातल्या खरादीच्या बारीक रेषा जशाच्या तशा शाबूत होत्या. तेलच नसते तर पिस्टन चहूबाजूंनी खरवडला गेला असता आणि खालचे बेअरिंग कोरडे, निळसर पडले असते. फिल्टरमधून धूळ गेली असती तर उलट आत येण्याच्या बाजूची झीज झाली असती, तीही राखाडी आणि निस्तेज. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, उचलल्यावर पिस्टन-पिनच्या सुई-बेअरिंगवर तेलाचा ओलावा होता, क्रँककेसच्या तळाशी बोट फिरवले तर बोट तेलकट होत होते. ओरखडे फक्त एक्झॉस्टकडे आणि आत तेल, याचा अर्थ एकच निघतो: इंजिन तेलाअभावी नव्हे, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाल्याने तापून जाम झाले होते.

ही जास्तीची हवा कुठून आली, हे शोधण्यासाठी माझ्याकडे घरगुती सरंजाम आहे: रक्तदाब मोजण्याच्या जुन्या उपकरणाचा फुगा आणि त्याचा काट्याचा मीटर. सगळे पुन्हा जुळवून, एक्झॉस्टचे तोंड रबरी पट्टीने आणि कार्ब्युरेटरच्या जागेचे तोंड नळी बसवलेल्या पत्र्याने बंद केले आणि फुग्याने ३०० मिमीपर्यंत, म्हणजे सुमारे ०.४ बार, दाब भरला. काटा स्थिर राहायला हवा होता. तो हळूहळू उतरू लागला. साबणाचे पाणी फिरवले. दोन्ही ऑइल सील पक्के निघाले. फेस धरला तो ब्लॉक आणि कार्ब्युरेटर यांच्यामधल्या काळ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यापाशी, ज्याला आम्ही इन्सुलेटर म्हणतो. त्याखालचे पॅकिंग एका कोपऱ्यात दुमडून बसवलेले होते. इन्सुलेटरच्या स्क्रूंवर कारखान्यातला रंग न तुटता तसाच होता, म्हणजे तिथे मावशींचा पाना कधी लागलाच नव्हता.

प्रकरण इथेच मिटायला हवे होते, पण माझ्या मनातून एक गोष्ट गेलेली नाही. हे पॅकिंग पहिल्या दिवसापासून दुमडलेले होते, तर मागचा सबंध हंगाम इंजिन कसे चालले? मावशींच्या कॅनमधले तेल न मिसळलेले पेट्रोल मी मापाच्या काचेच्या नळीत घेतले, दहा मिली पाण्यावर शंभर मिली, आणि हलवून ठेवले. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते, त्यामुळे खालचा थर तिशीच्या आसपास चढला. देशभर २०२५ पर्यंत पोचलेले वीस टक्क्यांचे मिश्रण ते हेच. आमचाच जिल्हा उसाचा, तेव्हा त्यातले काही इथल्याच मळीतून निघालेले असेल. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते. म्हणून शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, तोच राहिला की इंजिनाला हवा जास्त होते. मोटारीतला संगणक हे सांभाळून घेतो. या कार्ब्युरेटरला संगणक नाही, आणि मिश्रण कमी-जास्त करायच्या त्याच्या स्क्रूवर, तो फिरवता येऊ नये म्हणून, टोपी चढवलेली असते. गळतीने थोडी हवा, पेट्रोलने थोडी, असे दोन्ही मिळून झाले असावे. त्यात कुणाचा वाटा किती, हे मला ठरवता येत नाही.

मावशींना हे सांगितल्यावर त्यांनी विचारले, "मग आता तेल जरा जास्त घालू काय? पन्नास?" हा समज आमच्याकडे सगळ्यांचाच आहे, मेकॅनिकांचासुद्धा. तेल वाढवले की त्याच मापात पेट्रोलची जागा तेल घेते, मिश्रण आणखी किंचित कोरडे, म्हणजे हवा जास्त असलेले, होते आणि कार्बन धरतो तो वेगळाच. म्हणून तेल चाळीसच ठेवायला सांगितले, स्क्रूवरची टोपी काढून मिश्रण थोडे दाट करून दिले आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवायला शिकवले. ते त्यांनी वहीत लिहून घेतले.

ब्लॉक-पिस्टनचा नवा संच बाजारातून आणून बसवला. जुना पिस्टन, दुमडलेले पॅकिंग आणि दोन्ही बाजूंचे फोटो घेऊन मावशी पुन्हा विक्रेत्याकडे गेल्या. तिथे आधी सांगण्यात आले की यंत्र बाहेर उघडले गेल्याने आता वॉरंटीचा प्रश्नच उरत नाही, आणि मग जुना पिस्टन कंपनीला पाठवायला ठेवून घेतो, असेही. मावशींनी मला फोन करून विचारले. मी म्हटले, पोच लिहून देत असतील तर द्या. पोच द्यायला कुणी तयार झाले नाही, तेव्हा त्या पिस्टन घेऊन परतल्या आणि आता ग्राहक आयोगात अर्ज कसा करायचा, याची चौकशी करत आहेत.