दुर्बिणीतून काय काय दाखवू?

शाळेच्या पटांगणावर किंवा सोसायटीच्या गच्चीवर एक संध्याकाळ दुर्बीण लावायची आहे, तर लोकांना काय काय दाखवू, असं मला साताऱ्यात नेहमी विचारतात. पावसाळा सरला की जास्तच. विचारणाऱ्याजवळ बहुतेक वेळा एक लांबलचक यादी तयार असते, सुंदर फोटो पाहून केलेली. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तारीख ठरवा, आणि ती पंचांग बघून ठरवा. कोजागरीला दुर्बीण लावू नका. पौर्णिमेच्या चंद्रावर सूर्याचा प्रकाश समोरून पडतो, त्यामुळे सावल्या नाहीशा होतात आणि चंद्र सपाट दिसतो. शिवाय त्याच्या उजेडात बाकीचं आकाश धुऊन निघतं. शाळेचा कार्यक्रम असेल तर शुद्ध अष्टमी धरा. त्या दिवशी उजेड-अंधाराची सीमा चंद्राच्या मधोमध असते आणि तिच्या कडेने विवरांच्या भिंतींच्या लांब सावल्या पडलेल्या असतात. नवमी-दशमीला कोपर्निकस विवर उजेडात येतं. त्याचा व्यास ९३ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ साताऱ्यापासून पुण्यापर्यंतचं सरळ अंतर. मुलांना हे सांगितलं की ती पुन्हा रांगेत येऊन उभी राहतात.

माण-खटावच्या माळावर अंधारं आकाश बघायला जाणार असाल तर लोक अमावास्या सुचवतील, पण घरातली वडीलधारी माणसं त्या रात्री मुलांना बाहेर पाठवायला नाखूश असतात. मी शुद्ध तृतीया-चतुर्थी सुचवतो. संध्याकाळी चंद्राची कोर दाखवून होते, तिचा अंधारा भागही पृथ्वीच्या उजेडाने मंद दिसतो, आणि दोन-तीन तासांत चंद्र मावळला की पुढची रात्र आपली.

आता यादीबद्दल. चाळीस माणसं आली आणि प्रत्येकाने एक मिनिट घेतलं, तरी एका वस्तूला पाऊण तास जातो. साधी दुर्बीण हाताने सरकवावी लागते. शंभर पट मोठं दाखवणाऱ्या आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) वस्तू दोनेक मिनिटांत दृष्टीबाहेर जाते. तेव्हा चार-पाच गोष्टी पुरे. निवडताना मी एकच बघतो: डोळा लावणाऱ्याला मी काही न सांगता ती कळते का?

शनी कळतो. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी पृथ्वीवरून अगदी कडेने दिसत होती, आता ती वर्षागणिक उघडत जातील. गुरूचे चार चंद्र कळतात. तासा-दोन तासांनी पुन्हा दाखवलेत तर त्यातला एखादा सरकलेलाही दिसतो. देवयानी दीर्घिका मात्र कळत नाही. पंचवीस लाख प्रकाशवर्षं हा आकडा ऐकून माणूस मोठ्या आशेने वाकतो, धुरकट डाग बघतो आणि भिडेपोटी "दिसली" म्हणून बाजूला होतो. ती गर्दी ओसरल्यावर थांबलेल्या चार जणांसाठी ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत मृगातला तेजोमेघ जरूर दाखवा, पण फोटोतला गुलाबी रंग दिसणार नाही, राखाडी-हिरवट पंखा दिसेल, हे रांगेतच सांगून टाका. मग लोक रंग शोधत बसत नाहीत आणि त्या मेघात रुतलेले चार छोटे तारे त्यांना आपणहून सापडतात.

आणि ओमेगा सेंटॉरी, म्हणजे ताऱ्यांचा एक गोलाकार गुच्छ. यासाठी मी मे महिन्याची वाट बघतो. परदेशी याद्यांमध्ये गोलाकार तारकागुच्छ म्हणून एम १३ हा उत्तर आकाशातला गुच्छ पहिला असतो. त्या याद्या करणारे बरेचसे उत्तरेकडे राहतात, लंडनहून ओमेगा क्षितिजावर येतच नाही. आपल्याकडे तो दक्षिणेला जवळजवळ २५ अंश वर चढतो. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं दूर असलेल्या या गुच्छात एक कोटीच्या आसपास तारे आहेत. पूर्वी त्याला एकच तारा समजत; १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून निरीक्षण करताना एडमंड हॅलीने तो तारा नाही हे नोंदवलं. आठ इंची (तोंडाचा व्यास आठ इंच असलेल्या) दुर्बिणीत काळ्या कापडावर बारीक रवा सांडावा तसा तो दिसतो, आणि नजर स्थिरावते तसतसे कण वाढत जातात. आपल्या अक्षांशावर राहण्याचा हा लाभ आहे आणि साताऱ्याच्या माणसाने तो सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

तो शोधणं सोपं आहे. मेच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास चित्रा दक्षिणेला सर्वांत उंच असते. हात लांब करून तिच्याखाली सरळ साडेतीन मुठी उतरा. दक्षिणेचं क्षितिज मोकळं हवं, डोंगराच्या उत्तर पायथ्याशी दुर्बीण लावलीत तर गेलं सगळं. त्याच वेळी पाठीमागे, उत्तरेला, वसिष्ठ आणि अरुंधतीही सर्वांत उंच असतात. लग्नात अरुंधती दाखवतात ते सगळ्यांना माहीत असतं, पण एकटा वसिष्ठच दुर्बिणीत दोन तारे होतो हे बहुतेकांना ठाऊक नसतं. चाळीस पट मोठं केलं तरी पुरे. रांगेतल्या आज्यांना मी हेच आधी दाखवतो आणि त्या नातवंडांना ओढून आणतात.

क्रम असा ठेवा: चंद्र आणि ग्रह आधी, अंधुक गोष्टी नंतर. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झोतात ती वाया जातात, म्हणून बॅटरीला लाल जिलेटिन कागद बांधा. मुलांसाठी भक्कम स्टूल न्या. आणि प्रत्येकाला "दिसलं का?" असं न विचारता "काय दिसतंय?" असं विचारा. नुसतं "छान" आलं तर फोकसचं चाक त्याच्या हातात द्या. चष्मा काढून बघणाऱ्याला तुमचा फोकस चालत नाही.