विक्रोळीत राहिलेल्या नर्सबाईंचं गाव : प्लेन्स, जॉर्जिया

यंदा सप्टेंबरात आई अटलांटाला आली, तेव्हा तिला प्लेन्सला न्यायचं हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. कारण आई विक्रोळीची. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आई, लिलियन कार्टर, १९६६ साली ६८ वर्षांच्या असताना पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून नर्स म्हणून भारतात आल्या आणि सुमारे दोन वर्षं विक्रोळीत, गोदरेजच्या वसाहतीतल्या दवाखान्यात राबल्या. त्यांनी कुष्ठरुग्णांचीही सेवा केली. आईला हे ठाऊकच नव्हतं. गाडीत बसल्याबसल्या तिने विचारलं, "अगं, त्या वयात माणसं चारधामला जातात. या बाई विक्रोळीला आल्या?"

अटलांटाहून सरळ गेलं तर अडीच-तीन तास लागतात. बस किंवा ट्रेनचा भरवसा धरू नका, गाडी हवीच. आम्ही आय-७५ महामार्गाने दक्षिणेला जाऊन बायरनला बाहेर पडलो आणि राज्य मार्ग ४९ धरला. माझं ऐकाल तर तुम्हीही हाच रस्ता घ्या. फोर्ट व्हॅलीच्या पीचच्या बागा लागतात, मग अँडरसनव्हिल, मग अमेरिकस, आणि तिथून पश्चिमेला दहा मैलांवर प्लेन्स. पेट्रोल अमेरिकसमध्येच भरून घ्या.

२०२०च्या जनगणनेत प्लेन्सची लोकसंख्या ५७३ भरली. रेल्वेच्या रुळांसमोर दुकानांची एकच रांग, हीच मेन स्ट्रीट. पलीकडे १८८८ सालचं लाकडी स्टेशन. १९७६ मध्ये कार्टर यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचाराचं मुख्य कार्यालय इथेच होतं. गावात रिकामी आणि शौचालयाची सोय असलेली हीच एक जागा होती, म्हणून ती निवडली. आई तिथल्या बाकावर टेकली आणि म्हणाली, "आपल्याकडच्या एखाद्या छोट्या स्टेशनावर बसल्यासारखं वाटतंय."

सुरुवात जुन्या प्लेन्स हायस्कूलपासून करा. राष्ट्रीय उद्यान विभागाचं माहिती केंद्र तिथेच आहे आणि कुठेच तिकीट नाही. नकाशा घ्या, कोणती ठिकाणं किती वाजेपर्यंत उघडी आहेत ते विचारून घ्या. जिमी आणि त्यांच्या पत्नी रोझलिन दोघंही याच शाळेत शिकले. मात्र तेव्हा ही शाळा फक्त गोऱ्यांची होती. कार्टर यांचे लहानपणचे बहुतेक सवंगडी शेतावरच्या कृष्णवर्णीय कुटुंबांतले, त्यांना इथे प्रवेश नव्हता. हे डोक्यात ठेवून पुढे शेतावर गेलात तर तिथली घरं वेगळी दिसतील.

शेत गावाच्या पश्चिमेला अडीच मैलांवर, आर्चरी नावाच्या वस्तीत आहे. घाई करू नका, या एका जागेला दीड-दोन तास द्या. कार्टर चार वर्षांचे असताना हे कुटुंब इथे राहायला आलं. तेव्हा घरात वीज नव्हती, नळ नव्हता. १९३५ मध्ये पवनचक्की बसवली तेव्हा पाणी घरात आलं, आणि वडिलांनी पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून अंघोळीसाठी शॉवर केला. तो आजही टांगलेला दिसतो. आई तिथून हलेना. तिच्या माहेरी, ओतूरला, मामांनी अगदी असाच डबा न्हाणीघरात लावला होता म्हणे. घराशेजारी कुटुंबाचं छोटं दुकान आहे, आणि थोडं पुढे जॅक आणि रेचेल क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याचं घर. आईवडील बाहेरगावी गेले की जिमी याच घरात झोपायला असायचा. दोन घरांमधलं अंतर पायी दोन मिनिटांचं. एका घरात रुंद व्हरांडा आणि भरपूर खोल्या, दुसऱ्यात जेमतेम निवारा. त्या काळातही लिलियनबाई कृष्णवर्णीय शेजाऱ्यांच्या आजारपणात त्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करत. विक्रोळीची वाट या अंगणातूनच सुरू झाली असं मला तिथे उभं राहून वाटलं.

सप्टेंबरच्या अखेरीस जाण्याचा फायदा म्हणजे भुईमुगाची काढणी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तांबड्या मातीत उपटलेले वेल शेंगा वर करून उन्हात वाळत पडलेले असतात. काच खाली केली की ओल्या मातीचा आणि डहाळ्यांचा वास थेट गाडीत येतो. रस्त्याकडेच्या एका टपरीवरून आम्ही उकडलेल्या शेंगा घेतल्या. ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात तासन्‌तास शिजवतात, टरफलातही खारं पाणी भरलेलं असतं. आईने पहिली शेंग दाबली, पाणी मनगटावरून ओघळलं, आणि म्हणाली, "मीठ जरा जास्त झालंय, पण शेंग आपलीच आहे." कार्टर लहानपणी अशाच शेंगा घरी उकडून गावात विकायचे, पाच सेंटला एक पुडी. गावातल्या दुकानात शेंगदाण्याचं आइस्क्रीम मिळतं, तेही खा.

शाकाहारी असाल तर डबा बरोबर घ्या. इथे पालेभाज्यासुद्धा बऱ्याचदा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. आम्ही ज्या खानावळीच्या भरवशावर होतो ती त्या दिवशी बंद निघाली, बरोबर थेपले होते म्हणून निभावलं. रविवारी तर बरंच काही बंद असतं. आणि चिलटं! जॉर्जियाच्या या भागात ती डोळ्यांत, नाकात शिरतात. आईने पदर तोंडावर ओढून घेतला, तुम्ही ओढणी किंवा टोपी ठेवा.

कार्टर दांपत्याची समाधी त्यांच्या १९६१ साली बांधलेल्या साध्या घराच्या आवारात, तळ्याकाठी आहे. रोझलिन नोव्हेंबर २०२३ मध्ये गेल्या, जिमी २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाची शंभरी पूर्ण करून. २०२५च्या उन्हाळ्यापासून ती जागा लोकांसाठी खुली आहे, जाण्याची पद्धत माहिती केंद्रात विचारा. लिलियनबाईंची समाधी मात्र तिथे नाही. ती गावाबाहेरच्या लेबनॉन स्मशानभूमीत, पती अर्ल यांच्याशेजारी आहे. फारसं कुणी तिकडे जात नसावं, आम्ही गेलो तेव्हा दोघीच होतो.

मुक्काम अमेरिकसमध्ये केला. तिथलं १८९२ सालचं विंडसर हॉटेल बाहेरून तरी नक्की बघा. गरिबांसाठी घरं बांधणारी हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था १९७६ मध्ये याच गावी सुरू झाली. जवळच कोइनोनिया फार्म आहे. १९४२ पासून गोरे आणि कृष्णवर्णीय तिथे एकत्र राहून शेती करू लागले. पन्नासच्या दशकात त्यांच्यावर बहिष्कार पडला, गोळीबार झाला, तेव्हा टपालाने पेकान या अक्रोडासारख्या सुक्या मेव्याचे दाणे विकून ते तगले. त्यांची पेकान अजून मिळतात. आम्ही दोन पाकिटं घेतली.

अँडरसनव्हिल दुसऱ्या दिवसासाठी, सकाळच्या वेळेला ठेवा. आधी पाहिलंत तर पुढे काही बघावंसं वाटणार नाही. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातल्या या तुरुंगात १८६४-६५च्या चौदा महिन्यांत उत्तरेचे सुमारे ४५,००० सैनिक डांबले होते. त्यांतले जवळजवळ १३,००० मेले. दक्षिणेने कृष्णवर्णीय सैनिकांना बरोबरीने वागवायला नकार दिला आणि कैद्यांची अदलाबदल थांबली, त्यामुळे गर्दी वाढत गेली. डोक्यावर छप्पर नाही. प्यायला आणि शौचाला एकच ओढा. हगवण आणि स्कर्व्हीने माणसं पटापट गेली. आज तिथे नुसतं गवताळ उताराचं मैदान आहे, हद्द दाखवणारे पांढरे खांब, आणि मधून तोच ओढा. सावली अजिबात नाही, पाणी न्या.

स्मशानभूमीत दगड एकमेकांना जवळजवळ चिकटलेले आहेत, कारण चरात माणसं खांद्याला खांदा लावून पुरली होती. डोरेन्स ॲटवॉटर या एकोणीस वर्षांच्या कैद्याला मृतांची नोंद ठेवायचं काम दिलं होतं. त्याने लपवून दुसरी प्रत लिहिली. १८६५च्या उन्हाळ्यात नर्स क्लारा बार्टन त्याच्यासह इथे आल्या, आणि त्या यादीमुळे बहुतेक थडग्यांवर नाव लागलं. तरीही साडेचारशेहून अधिक दगडांवर फक्त 'अज्ञात' आहे.

आई एका अज्ञात दगडापाशी बराच वेळ उभी होती. मग पिशवीतून उरलेल्या शेंगांपैकी दोन काढून तिने पायथ्याशी ठेवल्या, आणि आम्ही गाडीकडे निघालो.