आमची वाटचाल : आयएल-सिक्सची तपासणी सोलापुरातच

२०११ साली नवी पेठेत लॅब सुरू केली, तेव्हा सीबीसी, शुगर, लघवी, विडाल (टायफॉइडची तपासणी) आणि सीआरपी (दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) एवढ्यावर दिवस निघायचा. विशेष तपासण्यांचे नमुने रात्रीच्या बसने पुण्याला जायचे.

२०२० मध्ये कोरोना आला आणि इंटरल्युकिन-६, म्हणजेच आयएल-सिक्स, हे नाव वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्याही तोंडी आलं. टोसिलिझुमॅब हे आयएल-सिक्सला रोखणारं औषध द्यायचं की नाही हे ठरवताना डॉक्टरांना हा आकडा हवा असायचा. पुण्याहून रिपोर्ट येईपर्यंत दुसरा दिवस मावळायचा, तोवर पेशंटची तब्येत पार बदललेली असायची. ही तपासणी सोलापुरातच झाली पाहिजे, हे आम्ही तेव्हाच ठरवलं.

आयएल-सिक्स म्हणजे शरीरात दाह सुरू झाला की रोगप्रतिकारक पेशी जे प्रथिनरूपी निरोप पाठवतात, त्यांतला एक. १९८६ मध्ये जपानमधल्या ओसाका विद्यापीठात किशिमोतो आणि हिरानो यांच्या गटाने त्याचं जनुक शोधलं. हा निरोप यकृताला पोचला की यकृत सीआरपी तयार करतं. म्हणून आयएल-सिक्स काही तासांतच चढतं, तर सीआरपीला शिखर गाठायला दोनेक दिवस लागतात. जंतुसंसर्गाची शंका असलेल्या नवजात बाळाच्या बाबतीत हे अंतर फार मोलाचं. तरीही ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) लागतंच. नुसत्या आयएल-सिक्सवरून कोणता जंतू आहे ते कळत नाही.

कर्ज काढून, रासायनिक क्रियेतून निघणाऱ्या प्रकाशावरून प्रमाण मोजणारा केमिल्युमिनेसन्स अ‍ॅनलायझर घेतला. मोजायचं असतं पिकोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. आमच्या पद्धतीत निरोगी माणसात साधारण ७ पिकोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या आत. किट एकदा उघडलं की ठरावीक मुदतीत संपवावं लागतं, आणि कॅलिब्रेशन (मशीनचं माप जुळवणं) व कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेले नमुने) यांतच बऱ्याच टेस्ट जातात. पेशंट कमी असले तरी सकाळचे दोन्ही कंट्रोल लावल्याशिवाय एकही रिपोर्ट बाहेर जात नाही. हा खर्च आम्ही कधी वाचवला नाही.

खरी मेहनत मात्र मशीनच्या आधीची. रक्त तसंच ठेवलं तर ट्यूबमधल्या पेशी स्वतःच आयएल-सिक्स सोडू शकतात आणि आकडा फुगतो. सोलापूरचा मे महिना, पारा चाळिशीच्या वर, आणि नमुना अक्कलकोटहून यायचा! म्हणून तिथल्या कलेक्शन सेंटरला सेंट्रिफ्यूज (रक्त वेगाने फिरवून पेशी वेगळ्या करणारं मशीन) दिलं. सीरम, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा द्रव, तिथेच वेगळं होतं आणि आइस बॉक्समधून येतं. रक्त किती वाजता काढलं ते ट्यूबवर लिहिलेलं नसेल, तर आम्ही पुन्हा रक्त मागवतो. लोक चिडतात, ते समजतं, पण इलाज नाही.

काउंटरवरच्या आमच्या मुली प्रत्येकाला विचारतात, “मावशी, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का?” काही पद्धतींत बायोटिनने निकाल चुकतो. टोसिलिझुमॅब घेतलेल्यांचीही नोंद ठेवतो. ते औषध रिसेप्टर, म्हणजे आयएल-सिक्स पेशीला जिथे जोडलं जातं ती जागा, अडवतं, त्यामुळे रक्तातलं आयएल-सिक्स वाढलेलं दिसतं आणि पेशंट बिघडला असा चुकीचा अर्थ निघतो.

“मॅडम, फुल बॉडी पॅकेजमध्ये हेही टाका,” असं अनेकजण सुचवतात. आम्ही टाकलेलं नाही. साध्या सर्दीनेही, व्यायामानेही हे वाढतं; धडधाकट माणसाला असा आकडा हातात देऊन घाबरवायचं कशाला? डॉक्टरांची चिठ्ठी असेल तरच आम्ही ही तपासणी करतो. सकाळी आलेल्या नमुन्याचा रिपोर्ट त्याच दिवशी जातो, आणि आकडा फार चढलेला असला तर मी स्वतः डॉक्टरांना फोन करते.